इग्निशन टायमिंग आणि डिस्ट्रिब्युटर: बेळगाव भागातल्या कार्बोरेटर गाड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डिस्ट्रिब्युटर असलेल्या पेट्रोल इंजिनांसाठी आहे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला वेळेवर ठिणगी वाटून देणारा भाग. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीप, प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर, कार्बोरेटरच्या मारुती ८०० आणि जिप्सी अशा गाड्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात हौसेने सांभाळणारे बरेच जण आहेत. उद्यमबागेत बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामं घरापाशीच होतात, त्यामुळे इंजिन तयार करून घेणं इथे अवघड नाही. पण हेड घासून, कॅम बदलून इंजिन परत बसतं आणि टायमिंग मात्र जुन्याच आकड्यावर राहतं. मग एवढा खर्च करून गाडी ओढत का नाही, असा प्रश्न येतो. एमपीएफआय (इंजेक्शनच्या) गाड्यांत टायमिंग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, त्यांना इथली माहिती लागू नाही.

टायमिंग पुढे-मागे करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पिस्टन वर येत असताना, अगदी माथ्यावर पोचण्याच्या आधी प्लगवर ठिणगी पडते. माथ्याच्या किती अंश आधी पडते तो आकडा म्हणजे अॅडव्हान्स. मिश्रण पेटल्याबरोबर सगळं जळत नाही, त्याला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. पिस्टन माथा ओलांडून साधारण १५ अंश खाली आल्यावर सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त असावा, म्हणजे तो दाब क्रँकला नीट ढकलतो. ठिणगी उशिरा पडली की दाब पळणाऱ्या पिस्टनच्या मागे लागतो, ताकद सायलेन्सरमधून जाते आणि इंजिन तापतं. लवकर पडली की वर येणाऱ्या पिस्टनवर दाब उलटा बसतो आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण एकदम भडकून होणारी खडखड, सुरू होतं.

८०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ५ अंशांहून थोडा कमी फिरतो, ३००० ला १८ अंश, ६००० ला ३६ अंश. म्हणून एकच आकडा सगळीकडे चालत नाही आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये वेगाबरोबर ठिणगी पुढे नेणारी वजनं आणि स्प्रिंग असतात. टायमिंग हा एक आकडा नसून आरपीएमबरोबर आणि लोडबरोबर बदलणारी रेषा आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया हाच आहे.

आमचे मेस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवत कानाने सेट करतात. चालतं का?

आयडलिंगला इंजिन सर्वांत छान कुठे वाजतं ते कानाला कळतं. पण तिथे इंजिनावर लोड नसतो. आयडलिंगला बऱ्याच इंजिनांना भरपूर अॅडव्हान्स आवडतो, म्हणून कानाने लावलेलं टायमिंग बहुधा पुढे गेलेलं असतं. त्याचा त्रास तवंदी घाटात चार माणसं घेऊन टॉप गिअरमध्ये चढताना दिसतो. अनुभवी मेस्त्रीच्या कानाबद्दल मला आदर आहे, नॉकिंग ओळखायला तो कान लागतोच. मात्र आधी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून आकडा बघायचा आणि मग चढावर कान लावायचा, हा क्रम उलटा करू नये.

टायमिंगला हात लावण्याआधी काय तपासायचं?

सर्वांत आधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट. कॅप आणि तिच्याखाली फिरणारा रोटर काढून शाफ्टचं वरचं टोक बोटांनी आडवं हलवून बघा. हाताला खेळ जाणवला तर बुश झिजले आहेत. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी पॉइंट (उघडला की ठिणगी पाडणारा स्विच) वेगवेगळ्या अंशाला उघडतो. लाइटखाली खूण एका जागी न थांबता थरथरताना दिसते. तिथे टायमिंग लावण्यात काहीच अर्थ नाही, आधी बुश बदला.

मग रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळून सोडा. तो स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. सुस्त आला किंवा मध्येच अडकला तर आतली वजनं गंजली आहेत. वर्षानुवर्षं न उघडलेल्या जीपमध्ये हे हमखास सापडतं. बेस प्लेट काढून वजनं रॉकेलने धुवा, त्यांच्या पिनांना अगदी थोडं तेल द्या.

व्हॅक्यूमचा डबा (लोडप्रमाणे टायमिंग बदलणारा) तपासायला पाइप तोंडात धरून ओढा. प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने पाइप बंद केल्यावर तिथेच राहिली पाहिजे. परत आली तर डायफ्राम फाटला आहे.

मारुतीच्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरतो आणि कॅमशाफ्ट टायमिंग बेल्टवर. बेल्ट एक दात सरकला असेल तर डिस्ट्रिब्युटर फिरवून आकडा जुळेल, गाडी मात्र ओढणार नाही. म्हणून बेल्टच्या खुणा आधी बघा. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, कार्बोरेटर गॅस्केटची गळती, प्लगचा गॅप हेही आधीच उरकून घ्या.

पॉइंटचा गॅप आधी की टायमिंग आधी?

गॅप आधी, नेहमी. गॅप बदलला की टायमिंग बदलतं, टायमिंग बदलल्याने गॅप बदलत नाही. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांना ०.४ ते ०.५ मिलिमीटर गॅप लागतो. पेट्रोल जीपच्या हरिकेन एफ-हेड इंजिनाला ०.५ मिलिमीटर, म्हणजे २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग). पॉइंटची टाच कॅमच्या उंच टोकावर असताना फीलर गेज घालायचा.

जुन्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असतं. तिथे फीलर गेज खोटं माप देतो. ड्वेल मीटर असेल तर तो वापरा. ड्वेल म्हणजे पॉइंट किती अंश मिटलेला राहतो ते. गॅप वाढला की ड्वेल कमी होतो आणि टायमिंग पुढे जातं. ड्वेल १ अंशाने बदलला की क्रँकवरचं टायमिंगही साधारण १ अंशाने सरकतं. टाच झिजत जाते तसा गॅप कमी होतो, म्हणजे टायमिंग आपोआप मागे पडत जातं. नवा पॉइंट बसवताना कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. ते विसरल्यामुळे नवे पॉइंट लवकर झिजतात.

पुलीवरची खूण बरोबर आहे हे कशावरून समजायचं?

तयार केलेल्या इंजिनात खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नका. पुली दुसऱ्या गाडीची असू शकते. रबर असलेल्या डॅम्पर पुलीचं बाहेरचं कडं सरकलेलंही असू शकतं. प्लग उभा असलेल्या इंजिनात हे तपासणं सोपं आहे. जुन्या प्लगचं पोर्सिलेन काढून त्यात बोल्ट बसवा, म्हणजे पिस्टन अडवणारा स्टॉप तयार होतो. तो एक नंबरच्या भोकात लावून क्रँक पान्याने हळूच एका बाजूने टेकेपर्यंत फिरवा, पुलीवर खूण करा. मग उलट्या बाजूने टेकेपर्यंत फिरवा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये माथा. हे करताना स्टार्टर मारायचा नाही, पिस्टन फुटेल. जीपच्या एफ-हेड इंजिनात प्लग पिस्टनच्या डोक्यावर सरळ येतो की नाही हे आधी बघून घ्या.

काही इंजिनांत खूण फ्लायव्हीलवर असते आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी रबरी झाकणाखालच्या खिडकीतून दिसते.

पुलीवर पुढचे अंश नसतील तर स्वतः आखा. पुलीचा व्यास मोजा, ३.१४ ने गुणा, ३६ ने भागा: १० अंशांचं अंतर मिळेल. १४० मिलिमीटरच्या पुलीला ते १२.२ मिलिमीटर येतं. ०, १०, २०, ३० या रेषा पांढऱ्या रंगाने काढून ठेवा.

टायमिंग लाइट नाही. बल्बने जमेल का?

गाडी सुरू होऊन लाइट असलेल्या गॅरेजपर्यंत पोचेल एवढं नक्की जमतं. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि क्रँक फिरवा. अंगठा उडाला की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. क्रँक चालायच्या दिशेनेच फिरवत खुणेवर आणा. पुढे गेली तर बरीच मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा आकड्यात शिरतो. रोटर कॅपमधल्या एक नंबरच्या टोकाकडे असायला हवा.

आता १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी अर्थला. किल्ली चालू करा. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने थोडा फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने अगदी सावकाश आणा. बल्ब पेटला त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प आवळा. आवळताना बॉडी हलते, म्हणून आवळल्यावर एकदा परत बघा. किल्ली उगाच चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेला असला की कॉइल तापते.

टायमिंग लाइट कसा वापरायचा?

इंजिन गरम झालेलं, आयडलिंग कंपनीच्या आकड्यावर, व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद केलेलं. लाइटच्या दोन वायर बॅटरीला, चिमटा एक नंबरच्या प्लग वायरला. चिमट्यावर बाण असेल तर तो प्लगकडे. आयडलिंगचा आकडा वाचा. आयडलिंग जास्त असेल तर वजनं आधीच उघडायला लागतात आणि चुकीचा आकडा दिसतो.

मग बहुतेक जण जे करत नाहीत ते करा. कोणाला तरी ॲक्सिलरेटर धरायला लावून १०००, १५००, २०००, २५००, ३०००, ३५०० आरपीएमला आकडा वाचा आणि वहीत लिहा. खूण कुठल्या आरपीएमनंतर पुढे सरकायची थांबते ते खास बघा. तो तुमचा पूर्ण अॅडव्हान्स. या सहा आकड्यांशिवाय डिस्ट्रिब्युटर उघडून स्प्रिंग बदलणं म्हणजे अंधारात हात घालणं.

एक धोका लक्षात ठेवा: लाइटच्या उजेडात फिरणारा फॅन थांबल्यासारखा दिसू शकतो. ओढणी, टॉवेल, सैल बाही, लाइटची लोंबणारी वायर यांतलं काहीही फॅनजवळ नको. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, शेडची दारं उघडी.

डिस्ट्रिब्युटर कुठल्या बाजूला फिरवला की टायमिंग पुढे जातं?

रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवली की पुढे, त्याच दिशेने फिरवली की मागे. दिशा गाडीगणिक वेगळी असते, स्टार्टर मारून डोळ्यांनी बघा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून बॉडी १ अंश फिरवली की क्रँकवर २ अंश होतात. हात हलका ठेवा.

कंपनीचा आकडा सोडून परफॉर्मन्स इंजिनाला किती ठेवायचं?

कंपनीचा आकडा कंपनीच्या इंजिनासाठी असतो. पेट्रोल जीपच्या एफ-हेड इंजिनाला तो माथ्याच्या ५ अंश आधी आहे, आणि ते इंजिन मूळ स्थितीत असेल तर तिथेच ठेवा. इंजिन बदललं असेल तर शेवटाकडून सुरुवात करा: आधी पूर्ण अॅडव्हान्स ठरवा, सुरुवातीचा आकडा मागून काढा.

दोन व्हॉल्व्हच्या जुन्या बहुतेक इंजिनांना व्हॅक्यूम वगळून ३० ते ३६ अंशांच्या आसपास पूर्ण अॅडव्हान्स लागतो. ३० वर सुरू करा. वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळही वाढते आणि ज्वाला भराभर पसरते, म्हणून ३००० ते ३५०० आरपीएमनंतर अॅडव्हान्स आणखी वाढवायची गरज सहसा उरत नाही. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर मिश्रण लवकर जळतं आणि पूर्ण अॅडव्हान्स कमी लागतो. अनेक जण नेमकं उलटं करतात: कॉम्प्रेशन वाढवतात आणि वर टायमिंगही पुढे ओढतात. पिस्टनचे लँड (रिंगांमधल्या कडा) तिथे तुटतात.

ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) जास्त असलेल्या कॅमची गोष्ट वेगळी. आयडलिंगला जळलेला वायू परत आत येतो, मिश्रण पातळ होतं, सावकाश जळतं. अशा इंजिनाला सुरुवातीलाच १२ ते १६ अंश द्यावे लागतात, नाहीतर आयडलिंग धरत नाही आणि पिकअपला गचका बसतो. आता हिशेब बघा. मूळ डिस्ट्रिब्युटर सुरुवातीला ८ आणि वजनांचे २४ असे ३२ देत होता. सुरुवात १४ केली की पूर्ण ३८ होईल, आणि ते जास्त आहे. म्हणून वजनांची हालचाल १८ अंशांवर अडवायला हवी. क्रँकवरचे १८ म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये ९. लुकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये आतल्या प्लेटवर हा आकडा ठोकलेला असतो. स्टॉपच्या पिनेवर पितळी बुश चढवून किंवा खाचेत थोडं वेल्डिंग भरून कानशीने घासत हे करता येतं. थोडं घासायचं, बसवायचं, लाइटने वाचायचं.

सुरुवात फार वाढवली तर गरम इंजिन स्टार्ट करताना स्टार्टर अडखळतो, उलटा झटका बसतो. तिथे २ अंश मागे या.

स्प्रिंग बदलून काय होतं?

अॅडव्हान्स किती ते स्टॉप ठरवतो, किती लवकर येतो ते स्प्रिंग ठरवतात. बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये एक हलका स्प्रिंग लगेच काम करतो आणि दुसरा जाड, लांबट कडीचा स्प्रिंग नंतर धरतो. दोन्ही हलके लावले तर सगळा अॅडव्हान्स २००० च्या आतच येतो. गाडी रिकामी असताना भारी वाटते, लोड आला की खडखड. जिप्सी किंवा जीप चिखलात कमी आरपीएमवर जोर लावते, तिला अॅडव्हान्स सावकाश आलेलाच बरा.

व्हॅक्यूम पाइप काढून टाकला तर गाडी पळते म्हणतात. खरं आहे का?

फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच, त्यामुळे ताकदीत फरक पडायचं कारण नाही. पाइप काढल्यावर सुधारणा वाटली तर डबा फुटका होता किंवा मूळ टायमिंग फार पुढे होतं. हलक्या थ्रॉटलवर मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, तिथे व्हॅक्यूम आणखी १० ते १५ अंश देतो. हुबळी रस्त्यावर एका वेगाने जाताना एकूण ४० च्या पुढे आकडा गेला तरी घाबरू नका, तो तसाच हवा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत व्हॅक्यूम अॅडव्हान्स ठेवा. पेट्रोल वाचतं, इंजिन थंड राहतं.

बेळगावात गाडी उत्तम चालते, गोव्याहून येताना चोर्ला घाटाच्या पायथ्याशी नॉक करते. का?

हा आपल्या भागाचा खास प्रश्न आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण ८ ते ९ टक्के कमी. सिलिंडरमध्ये हवा कमी भरते, दाब कमी चढतो, नॉकिंग दूर राहतं. म्हणून इथे इंजिन एक-दोन अंश जास्त अॅडव्हान्स निमूटपणे सहन करतं.

जांबोटी, कणकुंबी करत खाली उतरताना लोड नसतो, काही कळत नाही. परत येताना केरीच्या पायथ्याशी सगळं एकदम जमतं: दाट हवा, कोकणातला उकाडा, चढ, फुल थ्रॉटल, माणसं आणि सामान. शिवाय इथल्या हवेला जुळवलेला कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) खाली दाट हवेत थोडा विरळ पडतो. वर कणकुंबीला पोचेपर्यंत आवाज गेलेला असतो, त्यामुळे बेळगावच्या गॅरेजमध्ये दोष सापडत नाही.

उपाय सरळ आहे. ज्यांची गाडी अनमोड, चोर्ला किंवा आंबोलीने खाली जाते त्यांनी बेळगावात नॉकिंगच्या काठावर टायमिंग लावू नये. इथे जो सर्वांत चांगला आकडा मिळेल त्यातून पूर्ण अॅडव्हान्सचे २ अंश कमी करा. ताकदीतला फरक जाणवतही नाही. घाटात आवाज आलाच तर गिअर खाली घ्या, थ्रॉटल हलका करा, आणि पहिल्या मोकळ्या जागी थांबून डिस्ट्रिब्युटर थोडा मागे करा. नॉकिंग ऐकत घाट चढू नका.

इथेनॉलच्या पेट्रोलमुळे टायमिंग बदलायला हवं का?

आधी जेट बघा, मग टायमिंग. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं बरंच आपल्याच ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांतून येतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला सुमारे ९. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच प्रमाणात देत राहतो आणि मिश्रण विरळ पडतं. थंडीत गाडी अडखळते, पिकअपला गचका बसतो, प्लग पांढरे पडतात. मेन जेट एक पायरी मोठा करून प्लगचा रंग जमवा.

इथेनॉलचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा बराच वर असल्यामुळे नॉकिंग सहन करण्याची ताकद वाढते, हे खरं. मिश्रण जमल्यावर १-२ अंश पुढे जाऊन घाटात बघायला हरकत नाही. विरळ मिश्रणावर टायमिंग पुढे ओढणं मात्र पिस्टनला महागात पडतं. फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि रबरी पाइप इथेनॉल चालणारे आहेत ना, तेही बघा.

पावसाळ्यात गाडी मिस मारते. टायमिंग हललं असेल?

क्लॅम्प आवळलेला असेल तर टायमिंग पावसाने हलत नाही. खानापूर, जांबोटी भागातल्या पावसात कॅपच्या आत दव धरतं आणि ठिणगी भलतीकडे पळते. कॅप पुसून आत उजेडात बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर कॅप बदला, घासून ती जात नाही. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, फुटक्या वायरीवर निळ्या ठिणग्या दिसतात. हात लावू नका.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट लावावं का?

लावा. पॉइंट झिजण्याचा प्रश्न सुटतो आणि टायमिंग टिकतं. पण झिजलेले बुश आणि अडकलेली वजनं किटने दुरुस्त होत नाहीत. किटसोबत सांगितलेल्या ओहमचीच कॉइल वापरा, बॅलास्ट रेझिस्टर ठेवायचा की काढायचा ते किटच्या कागदावर बघा, आणि प्लस-मायनस उलटं जोडू नका. किट लावल्यावर टायमिंग नव्याने लावावंच लागतं. जुना पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा.

टायमिंग लावून पीयूसी पास होईल का?

सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त येत असेल तर नाही, ते मिश्रणाचं काम आहे. एचसी (न जळलेलं पेट्रोल) जास्त असेल तर मिस मारणारा प्लग आणि फार पुढे गेलेलं टायमिंग बघा.

ऑइल पंप काढून बसवल्यापासून जीप सुरूच होत नाही, कार्बोरेटरमधून फटका मारते.

एफ-हेड इंजिनात डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. पंप बसवताना गिअर एखाद्या दाताने चुकला किंवा निम्मा फेरा उलटा बसला की रोटर भलत्याच टोकाकडे बघतो. एक नंबर कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणा आणि रोटर बघा. एक नंबरच्या बरोबर विरुद्ध टोकाकडे असेल तर वायरी फिरवूनही चालेल, तरी पंप काढून नीट बसवणं मला पटतं, पुढच्या माणसाचा गोंधळ होत नाही. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरला १-३-२.

प्लग बघून टायमिंग कळतं का?

पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत अॅल्युमिनियमचे कण दिसले तर नॉकिंग झालेलं आहे, कानाला ऐकू आलं नसलं तरी. लगेच ३-४ अंश मागे या. थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घेताना एनजीकेचा आकडा वाढवायचा आणि बॉशचा कमी करायचा.

डिस्ट्रिब्युटरचे बुश बदलायचे आहेत. लेथवाल्याला काय सांगायचं?

ऑटोनगर, उद्यमबागेत हे काम करणारे हात भरपूर आहेत, पण डिस्ट्रिब्युटर देताना तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या. आधी शाफ्ट मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी मोजायला सांगा. शाफ्टच झिजला असेल तर नुसत्या नव्या बुशने खेळ जाणार नाही, शाफ्ट घासून त्या मापाचा बुश करावा लागतो. वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत रीमर फिरवून फिनिश करायचा, वेगवेगळा नाही. सच्छिद्र ब्राँझचा बुश असेल तर बसवण्याआधी एक दिवस इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा. खालच्या गिअरची पिन काढण्याआधी गिअर आणि शाफ्ट दोन्हींवर खूण करून घ्या, कारण काही डिस्ट्रिब्युटरमध्ये गिअर उलटा बसला की रोटर निम्मा दात सरकतो आणि बॉडी फिरवायला जागाच उरत नाही.